ओंडके हलविण्याची हातहत्यारे : कळवण-डांग परिसर

तोडलेल्या झाडाचा फांद्या साफ केलेला, ठरावीक लांबीचा बुंधा म्हणजे ओंडका. तो कुपातून (तोडीसाठी आखून दिलेल्या वनभागातून) गाडीवाटेपर्यंत व तेथून आगारापर्यंत नेताना गडगडविणे, उचकटणे, ओढणे, वळविणे, थोपविणे आणि गाडीवर चढविणे अशा क्रिया कराव्या लागतात. या क्रियांसाठी माणूस हाताने वापरतो ती पहार, बल्ली, पाचर, दोर, आकडा इ. साधने या हत्यारांत मोडतात. लाकूडतोडीच्या इतिहासात कुऱ्हाड व करवत यांना जेवढे स्थान मिळाले, तेवढे या हत्यारांना मिळालेले नाही. झाड पाडणे हे काही घटकांचे काम असते. पाडलेले झाड रानाबाहेर काढण्यास मात्र दिवसच्या दिवस लागतात आणि मजुराच्या शरीराची झीज मुख्यत्वे याच टप्प्यात होते. त्यामुळे कोणत्या प्रदेशात कोणते हत्यार वापरले गेले, हा प्रश्न केवळ यंत्रशास्त्राचा राहत नाही. ओंडका कोणाच्या मालकीचा आणि त्याचे ओझे कोणाच्या अंगावर, या प्रश्नाशी तो निगडित असतो. नाशिक जिल्ह्यातील कळवण तालुका व त्याच्या पश्चिमेकडील डांग प्रदेश यांच्या इतिहासात हा संबंध स्पष्टपणे दिसतो.

वनप्रदेश : कळवण हे तालुक्याचे ठिकाण नाशिकच्या उत्तरेस गिरणा नदीच्या खोऱ्यात वसलेले आहे. जुन्या काळापासून नाशिक जिल्ह्याचे दोन भाग मानले जातात : पश्चिमेचा डोंगराळ व झाडीचा तो ‘डांग’ आणि पूर्वेचा मोकळा, सपाटीचा तो ‘देश’. कळवण तालुका या दोहोंच्या सीमेवर येतो. त्याच्या पश्चिमेस पूर्वीच्या सुरगाणा संस्थानाचा (१९४८ मध्ये विलीन) मुलूख असून त्यापलीकडे १९६० पासून गुजरात राज्यात असलेला डांग जिल्हा आहे. कोकणा, भिल्ल, महादेव कोळी, वारली इ. आदिवासी जमातींची वस्ती या पट्ट्यात आहे. येथील वन पानझडी असून त्यात साग प्रमुख आहे. त्याच्या जोडीने ऐन, धावडा, तिवस, शिसव, हेद, कळंब, धामण, खैर हे वृक्ष आढळतात.

मोठ्या नद्यांच्या प्रदेशात ओंडके पाण्यावर सोडून वाहून नेण्याची पद्धत होती. कळवण भागात तिला फारसा वाव नव्हता. डांगातील अंबिका, पूर्णा आदी नद्या पश्चिमेकडे वाहतात, तर गिरणा पूर्वेकडे वाहत जाऊन तापीला मिळते. वरच्या भागात या सर्व नद्या उथळ, खडकाळ व पावसाळ्यापुरत्याच भरलेल्या असतात. शिवाय ओला साग पाण्यावर नीट तरंगत नाही. याच कारणाने ब्रह्मदेशात उभ्या झाडाच्या बुंध्याभोवती खाच पाडून ते दोन-तीन वर्षे वाळू देत आणि मगच तोडीत. चंद्रपूर-गडचिरोलीच्या अरण्यात जड ओंडके काढण्यासाठी हत्तींचाही उपयोग करण्यात आला. नाशिकच्या डांगात मात्र हे काम माणूस, बैल आणि गाडी यांच्यावरच अवलंबून राहिले. तोडीचा हंगाम पावसाळा संपल्यावर सुरू होई. भात, नागली व वरई यांची कापणी उरकलेली कुटुंबे याच सुमारास मजुरीच्या शोधात असत.

ओंडक्याचे वजन व माप : हत्याराची निवड ओंडक्याच्या वजनापासून सुरू होते. ३ मी. लांबीचा आणि मध्यभागी १२० सेंमी. घेराचा सागाचा ओंडका उदाहरणादाखल घेता येईल. त्याचा व्यास सु. ३८ सेंमी. असून प्रत्यक्ष घनफळ सु. ०·३४ घ. मी. भरते. वाळलेल्या सागाचे वजन दर घ. मी.ला सु. ६५० किग्रॅ. असते, या हिशेबाने हा ओंडका वाळल्यावर सु. २२० किग्रॅ. भरेल. परंतु ताज्या तोडीच्या लाकडात पाण्याचा अंश पुष्कळ असल्याने रानात त्याचे वजन ३०० किग्रॅ.हून अधिक, कित्येकदा ३४० किग्रॅ.च्या घरात जाते.

लाकडाच्या व्यवहारात घनफळ काढण्याची रूढ रीत निराळी आहे. घेराच्या चतुर्थांशाचा वर्ग करून त्यास लांबीने गुणतात. वरील ओंडक्याचा चतुर्थांश घेर ३० सेंमी. असल्याने या रीतीने त्याचे घनफळ ०·२७ घ. मी. येते, म्हणजे प्रत्यक्षाच्या सु. ७८·५ टक्केच. ओंडका चौरस करताना व कापताना होणारी तूट गृहीत धरणारी ही रीत व्यापाराच्या दृष्टीने सोयीची आहे. पण नोंदवहीत न येणारे उरलेले एक-पंचमांशाहून अधिक लाकूड रानातून हलवावेच लागते, ही गोष्टही तितकीच खरी आहे. आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेने १९६७ मध्ये केलेल्या शिफारशीनुसार प्रौढ पुरुष कामगाराने एका वेळी वाहावयाच्या ओझ्याची मर्यादा ५५ किग्रॅ. मानली आहे. या मापाने आपला ओंडका खांद्यावर उचलण्यास सहा-सात माणसे लागतील. म्हणून ओंडका शक्यतो उचलावयाचा नाही, तर जमिनीचाच आधार घेऊन तो फिरवावयाचा, सरकवावयाचा, हे या सर्व कामाचे मूलतत्त्व होय.

पहार, बल्ली व दोर : या प्रदेशातील, किंबहुना भारतातील बहुतेक वनांतील, प्रमुख हत्यार म्हणजे लोखंडी पहार. तिचे कार्य तरफेच्या तत्त्वावर चालते. १५० सेंमी. लांबीच्या पहारीखाली टोकापासून १५ सेंमी. अंतरावर दगडाचा टेकू दिला, तर हाताच्या बाजूची भुजा १३५ सेंमी. राहते आणि लावलेला जोर नऊपट होतो. ३४० किग्रॅ.च्या ओंडक्याचे एक टोक उचकटण्यास त्याच्या निम्म्या वजनाएवढे, म्हणजे १७० किग्रॅ. बल लागते; ते पहारीच्या साहाय्याने सु. १९ किग्रॅ.वर येते. एकटा माणूस हे करू शकतो. मात्र बलात जे मिळते ते अंतरात गमवावे लागते : हात ९० सेंमी. खाली आला, तर ओंडक्याचे टोक फक्त १० सेंमी. वर येते. तेवढ्यात दुसऱ्याने खाली पाचर किंवा दगड सारावा लागतो, पहार काढून टेकू पुढे घ्यावा लागतो आणि पुन्हा जोर लावावा लागतो. पहार ओंडक्याला धरून ठेवीत नाही, ती केवळ त्याला ढकलते. हा तिचा मोठा दोष होय. उतारावर ओंडका एकदा सुटला की पहारीने तो थोपविता येत नाही.

बल्ली म्हणजे सरळ, मजबूत लाकडी दांडा. पहार हाताशी नसता ती तरफ म्हणून चालते, ओंडक्याखाली आडवी टाकली की रूळ बनते आणि गाडीला टेकवून ठेवली की चढण बनते. गाडीवर ओंडका चढविण्याची जुनी रीत दोन बल्ल्या व दोन दोर यांच्यावर आधारलेली आहे. दोराचे एक टोक गाडीला बांधून तो ओंडक्याखालून घेतात व दुसरे टोक गाडीच्या पलीकडून माणूस किंवा बैल ओढतो. त्यामुळे ओंडका स्वतःच फिरत्या कप्पीसारखा होतो आणि लागणारे बल निम्मे होते. ३ मी. लांबीच्या बल्ल्यांवरून १ मी. उंची गाठावयाची असेल, तर घर्षण सोडून ३४० किग्रॅ.च्या ओंडक्याला सु. ११३ किग्रॅ. ओढ लागते, या रीतीने ती सु. ५७ किग्रॅ.वर येते व दोन दोरांत विभागली जाऊन प्रत्येकाच्या वाट्याला सु. २८ किग्रॅ. राहते. ही युक्ती जहाजगोद्यांतही पूर्वापार वापरात होती.

या हत्यारांना लागणारी बरीचशी सामग्री रानातच मिळते. धावड्याचे लाकूड चिवट व कठीण असल्याने दांडे व गाडीचे आस त्यापासून करीत; तिवसाचा उपयोग गाडीच्या भागांसाठी होई; धामणाचे लवचिक लाकूड कावडीच्या दांड्यास उत्तम मानले जाते. अंबाडी व ताग यांच्या दोरांबरोबर आपट्याच्या सालीचे व पळसाच्या मुळांच्या धाग्यांचे दोरही वळीत. गाडीच्या चाकाखाली जशी उटी (अडविण्यासाठी घालावयाचा दगड वा लाकडाचा तुकडा) लावतात, तशीच ती ओंडक्याखालीही लावतात. हे सर्वांत साधे आणि बहुधा सर्वाधिक जीव वाचविणारे साधन होय.

झुलता आकडा : यूरोप व उत्तर अमेरिका येथील लाकूडतोड्यांनी पहारीचा वर सांगितलेला दोष आकड्याने दूर केला. लाकडी दांड्याच्या खालच्या भागात बिजागरीवर बसविलेला वाकडा आकडा ओंडक्याच्या अंगात रुततो आणि दांड्यावर जोर देताच ओंडका फिरू लागतो. दांड्याची लांबी १२० ते १५० सेंमी. आणि ओंडक्याची त्रिज्या १९ सेंमी. असल्यास भुजा त्रिज्येच्या सहा ते आठपट होते. जोर काढून घेतला की आकडा आपोआप सुटतो, दांडा मागे घेऊन पुन्हा लावता येतो आणि टेकू शोधण्यात वेळ जात नाही. उतारावर याच आकड्याने ओंडक्याला काही अंशी धरूनही ठेवता येते. जुन्या प्रकारात आकडा कडीत सैल अडकविलेला असे व तो बाजूंना हलत राही. अमेरिकेतील मेन राज्यात स्टिलवॉटर येथील जोसेफ पीव्ही या लोहाराने १८५८ च्या सुमारास तो फक्त वर-खाली हलेल असा घट्ट बसविला आणि दांड्याच्या टोकाला अणकुचीदार खिळा दिला. हे हत्यार पुढे त्याच्याच नावाने प्रसिद्ध झाले. आल्प्स पर्वताच्या प्रदेशातील ‘सापी’ आणि जपानमधील घारीच्या चोचीवरून नाव पडलेला ‘तोबी’ ही लांब दांड्याची, चोचीच्या आकाराची हत्यारे मात्र ओंडका फिरविण्याऐवजी ओढण्यास व सरकविण्यास अधिक उपयोगी पडतात.

निवडीची तत्त्वे : कोणतेही एक हत्यार सर्व कामांस पुरत नाही. आकड्याचा वाक ओंडक्याच्या घेराशी जुळावा लागतो. लहान वाकाचा आकडा जाड ओंडक्यावरून निसटतो आणि निसटलेला दांडा माणसाला तोंडघशी पाडतो. रानात एकमेकांवर पडलेले ओंडके सोडविण्यास खिळ्याच्या टोकाचा आकडा बरा, तर आगारात बोथट टोकाचा. कारण तेथे मालाला जखम होऊन चालत नाही. सागात बाहेरचे फिकट रसकाष्ठ पातळ असते, म्हणून खोल रुतलेली चोच मोलाच्या मध्यकाष्ठापर्यंत पोहोचते. मिश्र वनात तोडलेले झाड पुष्कळदा शेजारच्या झाडाच्या फांद्यांत अडकते. अशा वेळी बुंधा फिरवून ते सोडविण्यास झुलत्या आकड्याइतके सोयीचे हातहत्यार दुसरे नाही. पहारीने हे काम करणे धोक्याचे असते. खडकाळ जमिनीवर ओंडक्याचे टोक उचलण्यास व दगड काढण्यास पहारच हवी. हत्यार कोणतेही असले, तरी ओंडक्याच्या खालच्या अंगाला उभे राहावयाचे नाही, हा नियम सर्वत्र सारखाच आहे. २० टक्के उतारावर ३४० किग्रॅ.च्या ओंडक्याला खाली खेचणारे बल सु. ६७ किग्रॅ. असते. ते एका माणसाच्या आटोक्यात असल्यासारखे वाटते. पण ओंडक्याने वेग घेतला की ते कोणाच्याही आटोक्यात राहत नाही.

मालकी व श्रम : या परिसरातील सागाला समुद्रापलीकडची मागणी फार पूर्वीपासून होती. मुंबईच्या गोदीत १७३६ मध्ये लवजी नसरवानजी वाडिया यांनी जहाजबांधणीला आरंभ केल्यापासून पश्चिम भारतातील सागाला विशेष महत्त्व आले. १८१७ मध्ये तेथे बांधून झालेली ‘ट्रिंकोमाली’ ही सागवानी युद्धनौका इंग्लंडमध्ये आजही जतन करून ठेवलेली आहे. १८४२ मध्ये ईस्ट इंडिया कंपनीने डांगच्या भिल्ल राजांकडून तेथील लाकडाचे हक्क पट्ट्याने घेतले. १८४७ मध्ये डॉ. अलेक्झांडर गिब्सन यांची मुंबई इलाख्याचे पहिले वनसंरक्षक म्हणून नेमणूक झाली. १८६५ व १८७८ च्या वन अधिनियमांनी वनांवरील सरकारी मालकीला कायद्याचे स्वरूप दिले आणि १९२७ च्या अधिनियमाने ते कायम केले. बडोदे संस्थानाने बांधलेल्या बिलिमोरा-वघई या अरुंदमापी रेल्वेने विसाव्या शतकाच्या दुसऱ्या दशकात डांगचे लाकूड समुद्रकाठापर्यंत आणले.

या शतकभरात लाकडाची मोजणी, नोंद, शिक्का, लिलाव व वाहतूक यांत मोठी सुधारणा झाली. ओंडक्यावर मालकीचा ठसा उमटविणारी शिक्क्याची हातोडी खात्याकडून येई. तो ओंडका हलविणारी कुऱ्हाड, बल्ली आणि दोर मात्र बहुधा मजुराच्या घरचे असत. पीव्हीने आपला आकडा घडविला तो काळ डांगचे पट्टे होऊन जेमतेम दीड दशक उलटल्याचा आहे. मेनच्या अरण्यात मजूर थोडे आणि मजुरी महाग असल्याने एका माणसाचे काम दुप्पट करणाऱ्या हत्याराला लगेच गिऱ्हाईक मिळाले. डांग-कळवण भागात हंगामी मजूर मुबलक व मजुरी अत्यल्प होती. ठेकेदाराने दिलेली उचल फेडण्यासाठी राबणाऱ्या माणसाच्या वेळेला आणि अंगाला किंमत नव्हती; म्हणून ती वाचविणाऱ्या हत्यारालाही नव्हती. कोणत्याही बाजारगावच्या लोहाराला घडविता येईल असा हा आकडा भारतीय वनांत रूढ न होण्याचे कारण तांत्रिक नसून आर्थिक होते, असे म्हणावयास हरकत नाही.

१९३५ च्या भारत सरकारच्या कायद्याला अनुसरून १९३६ मध्ये काढण्यात आलेल्या आदेशाने कळवण तालुका व पेठ महाल यांचा समावेश ‘अंशतः वगळलेल्या क्षेत्रां’त करण्यात आला. या क्षेत्रांतील आदिवासींच्या स्थितीची पाहणी मुंबई सरकारने डी. सिमिंग्टन या अधिकाऱ्याकडे सोपविली. त्यांच्या अहवालात सावकारी, वेठ आणि जंगलातील मजुरांची पिळवणूक यांची स्पष्ट नोंद आहे. याच सुमारास, १९३७ मध्ये, दादासाहेब बिडकर यांच्या पुढाकाराने नाशिक येथे डांग सेवा मंडळ स्थापन होऊन या भागात शिक्षणाचे व समाजसेवेचे कार्य सुरू झाले. ठाणे जिल्ह्यातील वारल्यांच्या १९४५ नंतरच्या लढ्यात वेठबंदीबरोबर गवतकापणीच्या व झाडतोडीच्या मजुरीचा प्रश्न पुढे आला.

सहकारी संस्था व नंतरचा काळ : ठेकेदारी पद्धतीला पर्याय म्हणून १९४७ पासून मुंबई सरकारने जंगल कामगार सहकारी संस्थांच्या संघटनेचे धोरण स्वीकारले. कुपे लिलावात ठेकेदाराला न देता आदिवासी सभासदांच्या संस्थेला द्यावयाची आणि नफ्याचा वाटा सभासदांकडे व त्यांच्या कल्याणकार्याकडे वळवावयाचा, हे तिचे सूत्र होते. ठाणे, नाशिक, धुळे आदी जिल्ह्यांत ही चळवळ रुजली. तिचा एक परिणाम हत्यारांच्या दृष्टीने लक्षात घेण्याजोगा आहे : ओंडका हलविणारा आणि त्याच्या विक्रीतून नफा मिळविणारा हे प्रथमच, निदान तत्त्वतः, एक झाले. वाया गेलेला दिवस किंवा चेंगरलेला पाय हा आता संस्थेच्या हिशेबात येऊ शकत होता. विसाव्या शतकाच्या सातव्या दशकात भारत सरकारने संयुक्त राष्ट्रांच्या साहाय्याने लाकूडतोड प्रशिक्षणाची केंद्रे सुरू केली. सुधारलेल्या करवती, झुलते आकडे, सापी इ. हातहत्यारांची ओळख भारतीय वनकामगारांना त्यांतून झाली.

मालकीच्या जमिनीवरील झाडांबाबतही असाच प्रश्न होता. आदिवासी खातेदाराच्या बांधावरील साग व्यापारी अल्प किमतीत घेऊन जात. त्यास आळा घालण्यासाठी १९६९ मध्ये महाराष्ट्र शासनाने अनुसूचित जमातींच्या खातेदारांकडून होणाऱ्या वृक्षविक्रीचे नियमन करणारा अधिनियम केला. १९७४ मध्ये महाराष्ट्र वनविकास महामंडळ स्थापन झाले. १९८० च्या वन (संवर्धन) अधिनियमानंतर वनधोरणाचा भर उत्पादनाकडून संवर्धनाकडे वळला. तोडीची कुपे कमी होत गेली आणि त्यांवर उभ्या असलेल्या सहकारी संस्थांचे कामही आटले. अशा रीतीने सुधारलेली हत्यारे आणि ती वापरण्यात ज्यांचे हित होते त्या संस्था एकत्र आल्या, तेव्हा तोडीचे युगच ओसरू लागले होते. २००६ च्या वनहक्क कायद्याने वननिवासींना गौण वनोपजाची मालकी दिली. इमारती लाकूड मात्र त्या व्याख्येबाहेर राहिले.

मोठ्या आगारांत ओंडके आता यारी व ट्रॅक्टर यांनी हलवितात. तरीही वादळात उन्मळलेले झाड, बांधावरील साग किंवा वाटेवर आडवे पडलेले आंब्याचे खोड जेथे यंत्र पोहोचत नाही तेथे हातानेच हलवावे लागते आणि बहुधा पहार, बल्ली व दोर यांनीच हलविले जाते. ही तीन हत्यारे अपुरी नाहीत. त्यांच्या जोडीला एक आकडा आणि एक उटी असली, तर सात माणसांचे काम तिघांना सुखरूप करता येते. हे ज्ञान गहन नाही आणि साधनही महाग नाही. ते रानात कामाला येण्यास इतकी वर्षे लागली, याचे उत्तर ओंडक्याच्या वजनात नसून त्या वजनाचा हिशेब कोणी ठेवला यात सापडते.